फुटाच्या दराला पर्याय मिळाला: साइट ॲप वापरल्यानंतरचा अनुभव

सांगली-मिरज भागात घर बांधायला निघालेला माणूस ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारतो तो फुटाच्या दराचा, म्हणजे बांधकामाच्या दर चौरस फुटाला किती पैसे. मटेरियलसह किती, नुसत्या मजुरीने किती. हा आकडा ठरला की पुढचं वर्षभर दोघंही त्यात अडकतात. सळई महागली की ठेकेदाराची झोप उडते. घरमालकाला वाटत राहतं की कुठेतरी माल कमी पडतोय, कुठेतरी हलका वापरला जातोय. मी सिव्हिल इंजिनिअर, बंगले आणि लहान रो-हाउसची कामं करतो. गेल्या वर्षीच्या पाडव्याला सगळ्या साइट हजेरी, माल आणि फोटो नोंदवणाऱ्या एका मोबाइल ॲपवर घेतल्या. इतक्या महिन्यांनी मला सर्वांत मोलाची वाटते ती हजेरीची सोय नाही आणि फोटोंचीही नाही. फुटाच्या दराशिवाय दुसऱ्या पद्धतीने काम घेणं मला शक्य झालं, ही खरी कमाई.

ॲपचं नाव देत नाही. याच धाटणीची आणखी भारतीय ॲप्स मित्रांच्या साइटवर पाहिली आहेत. थोड्याफार फरकाने कामाची रीत तीच.

हे सगळं आत्ताच का शक्य झालं, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे सॉफ्टवेअर म्हणजे पुण्या-मुंबईच्या मोठ्या बिल्डरांची ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एका जागी नोंदवणारी यंत्रणा, होती. ऑफिसात कॉम्प्युटर, त्यावर एन्ट्री करणारा माणूस, आणि साइटवरून त्याच्यापर्यंत कागद पोचायला दोन दिवस. अमेरिकेत बांधकामासाठीचं प्रोकोर हे सॉफ्टवेअर आहे, पण ते वर्षाला किती रकमेची कामं करता त्यावर पैसे घेतं, आणि मोठ्या प्रकल्पांसाठीच घडलेलं आहे. खास घरं बांधणाऱ्यांसाठीचं बिल्डरट्रेंड २००६ पासून आहे. २०२१ मध्ये त्यांनी कोकन्स्ट्रक्ट हे प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअर विकत घेतलं. घरमालकाला स्वतंत्र लॉगिन, टाइल्स-फिटिंगची निवड, कामातल्या बदलाला लेखी मंजुरी, या गोष्टी तिकडे रुळलेल्या आहेत. पण तिथे मुकादम नाही, खर्ची (मजुरांना आठवड्याला वाटायचे पैसे) नाही, ब्रास (खडी-वाळूचं माप) नाही. आपल्याकडची नवी ॲप्स, उदाहरणार्थ बंगळुरूचं पॉवरप्ले, सुपरवायझरच्या हातातला मोबाइल धरून चालतात. मी घेतलं त्याचे वर्षाचे पैसे सेंट्रिंगच्या एका टोळीच्या आठवड्याच्या खर्चीपेक्षा कमी आहेत. लहान ठेकेदाराला हे परवडतं.

आता सळईबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण फुटाच्या दराचं पाणी तिथेच मुरतं.

सळईचं वजन काढायचं सूत्र प्रत्येक बार बेंडरला, म्हणजे सळई वाकवून बांधणाऱ्याला, पाठ असतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते. १२ मिमीची सळई मीटरला ०.८८८ किलो, १२ मीटरची अख्खी सळई साधारण १०.६६ किलो. शंभर नग आले तर १,०६६ किलो भरायला हवेत. वजनकाट्याच्या पावतीवर १,११० आले तर? आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे १० मिमीच्या वर ते १६ मिमीपर्यंतच्या सळईला पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे माल नियमात बसतो. पण आपण पैसे किलोने देतो आणि ड्रॉइंगप्रमाणे सळई नगाने वापरतो. वरचे ४४ किलो घरात कुठेच जादा ताकद म्हणून मोजले जात नाहीत, नुसते बिलात येतात. पूर्वी हे कळायचं सगळं काम संपल्यावर, हिशेब जुळेना तेव्हा. आता गाडी उभी असतानाच सुपरवायझर मालासोबतच्या चलानाचा फोटो, काट्याची पावती आणि मोजलेले नग टाकतो. ॲप गुणाकार करून फरक लाल अक्षरात दाखवतं. दोनदा-तीनदा हे समोर ठेवल्यावर आमच्या दुकानदाराने स्वतःच दुसऱ्या कंपनीचा माल सुचवला, ज्याचं वजन जास्त नेमकं भरतं. भांडणाची वेळच आली नाही.

सिमेंटचंही तसंच. पोत्यावर कोणत्या आठवड्यात भरलं ते छापलेलं असतं. साठवलेल्या सिमेंटची ताकद तीन महिन्यांत चांगलीच उतरते, आणि कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत तर गोडाऊनमध्ये खालच्या थराला गाठी धरायला वेळ लागत नाही. आलेला लॉट तारखेसह नोंदला की जुनं आधी काढा, अशी आठवण ॲप देतं. छोटी गोष्ट आहे, पण साइट पाच झाल्या की ती डोक्यात राहत नाही.

तर अशा नोंदी काही महिने साचल्यावर मी एका घरमालकासमोर वेगळा प्रस्ताव ठेवला. ते नोकरीनिमित्त दुबईत, आई-वडील इथे. म्हणालो, "साहेब, माल तुमच्या नावावर घेऊ, बिलं तुम्हाला थेट दिसतील, मजुरी मापावर, आणि माझी देखरेखीची फी वेगळी." वडील पहिल्यांदा बिचकले. "इंजिनिअर, मग शेवटी घर कितीला पडणार ते कोण सांगणार?" प्रश्न बरोबर होता. फुटाच्या दरात निदान एक आकडा हातात असतो. त्यावर ॲपमधल्या आमच्या आधीच्या दोन बंगल्यांचा खर्च, पाया, जोतं, स्लॅब, गिलावा असा टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवला. प्रत्येक टप्प्याला अंदाज ठरवला आणि तो ओलांडायची वेळ आली तर आधी त्यांची मंजुरी, असं लिहून दिलं. हा जुना खर्च असा सुटा काढून दाखवता आला नसता तर मी ही बोलणी केलीच नसती.

त्याच घराच्या बांधकामात २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत ३०० रुपये धरली तर ३८४ चं पोतं ३५४ ला. माल त्यांच्या नावावर असल्यामुळे हा फरक त्यांना पुढच्याच बिलात दिसला. त्या आठवड्यात फुटाच्या दरावरच्या दुसऱ्या घरमालकांचाही फोन आला, "सिमेंट उतरलं म्हणतात, मग आपला दर?" त्यांना समजावताना सळई, मजुरी, डिझेल असं सगळं उकलावं लागलं, तरी त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटत नाही. आणखी एक मुद्दा सांगतो. एकट्या स्वतंत्र घरासाठी निव्वळ मजुरीचं काम दिलं तर त्या मजुरीवर जीएसटी नाही. मटेरियलसह काम दिलं तर १८ टक्के. घरमालकाच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. देखरेखीची फी कशी दाखवायची हे मात्र आपल्या सीएला विचारूनच ठरवा.

हजेरीबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. आमच्याकडे शनिवारी खर्ची वाटतात. मुकादमाची वही हाच पुरावा. विजापूर, जत भागातून आलेल्या बायाबापड्यांचा अर्धा दिवस, रात्री उशिरापर्यंत चाललेला स्लॅब, मध्येच घेतलेली उचल, हे सगळं त्या वहीतल्या आकड्यांवर. ॲपवर हजेरी सुरू केली तेव्हा मुकादम नाराज झाला. "साहेब, माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?" त्याला म्हटलं, तुझीच वही आहे, फक्त मोबाइलमध्ये, आणि तुलाही दिसेल. महिन्याभरात एका बिगारी बाईने स्वतः येऊन मागच्या आठवड्याची नोंद दाखवायला सांगितली. तिची स्लॅबच्या रात्रीची जादा हजेरी तिथे होती, वहीत नव्हती. तिला पैसे मिळाले, आणि मुकादमही काही बोलला नाही. त्यानंतर प्रत्येकाची नोंद खर्चीआधी मोठ्याने वाचून दाखवायची, असं आम्ही ठरवलं. चेहरा ओळखून हजेरी घेण्याची सोय या ॲपमध्ये आहे, पण मी ती बंद ठेवली आहे. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला रोज कॅमेऱ्यापुढे उभं करायचं मला पटत नाही, आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही.

फोटोंचा खरा उपयोग गिलाव्याआधी होतो. भिंतीतले विजेचे पाइप, बाथरूममधली प्लंबिंगची लाइन, वॉटरप्रूफिंगचे थर, हे झाकलं जाण्याआधी खोलीनिहाय फोटो काढून ठेवतो. घराचा ताबा देताना तो संच मालकाला देतो. उद्या कपाटासाठी भिंतीत ड्रिल मारताना पाइप कुठून गेलाय ते त्यांना कळतं. रो-हाउसच्या महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणीच्या कामात याचं मोल आणखी वाढतं, कारण रचनेतल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते. महारेराचा तिमाही प्रगती अहवाल आणि प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढण्यासाठीचं इंजिनिअरचं प्रमाणपत्र, दोन्हीसाठी रोजच्या नोंदी तयार मिळतात.

मालकाला लॉगिन दिल्यावर मात्र एक नवी अडचण उभी राहते. स्लॅब टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी वर बारीक भेगा दिसल्या, सुपरवायझरने फोटो टाकला, आणि रात्री परदेशातून फोन. त्या भेगा वरचं पाणी उन्हाने लवकर उडाल्यामुळे पडलेल्या, पण ते फोटोत लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मालकाला दिसणाऱ्या प्रत्येक फोटोखाली इंजिनिअरची एक ओळ असते. स्लॅबवर आळी करून पाणी भरल्याचा फोटो तर रोज जातो. आमच्याकडे पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊन कडक. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे अशा वेळी १४ दिवस पाणी मारायला हवं. चौदाही दिवसांचे फोटो मालकाकडे जाणार म्हटल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी पाणी बंद करण्याची सवय साइटवरून गेली.

आता जे खटकतं ते. ॲपमध्ये ब्रास हे माप नव्हतं. घनफूट, घनमीटर, टन सगळं आहे, पण खडी आणि क्रश सॅण्ड आमच्याकडे ब्रासनेच येते. शंभर घनफुटांचा एक ब्रास असं स्वतः भरून घेतलं, तरी रिपोर्टमध्ये कधी घनफूट तर कधी ब्रास असा गोंधळ व्हायचा. मराठी आहे, पण भाषांतर असं की सुपरवायझर हिंदीच लावतो. गावाबाहेरच्या साइटवर रेंज नसली की नोंद अडकते. नंतर रेंज आल्यावर ती जाते खरी, पण वेळ पोचल्याची दाखवते, टाकल्याची नाही. संध्याकाळी सहाला उतरलेली खडी रात्री दहाची दिसली तर नोंदीवरचा विश्वास डळमळतो. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरशी थेट जोडणी आमच्या प्लॅनमध्ये नाही, त्यामुळे अकाउंटंटला एक्सेलमधून पुन्हा भरावं लागतं. कंपनीकडे या चारही गोष्टी कळवल्या. ब्रासची सोय पुढे झाली, बाकीचं अजून बाकी आहे.

घेणाऱ्यांनी डेमोच्या वेळी एक गोष्ट जरूर करून पाहावी: एका साइटची सगळी माहिती, फोटोंसकट, बाहेर काढून दाखवायला सांगा. आकडे एक्सेलमध्ये सहज मिळतात, फोटो मात्र अनेकदा एकेक करून उतरवावे लागतात. रो-हाउसवाल्याला हे फोटो ताब्यानंतर पाच वर्षं लागतात, आणि तोवर तुम्ही त्याच ॲपचे पैसे भरत असाल असं नाही. मी दर महिन्याच्या शेवटी प्रत्येक साइटचे फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतो. हे काम पाहणाऱ्या मुलीला त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवला आहे.