रॅचेट क्रिंपिंग पक्कड: दहा महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते. पक्कड चांगली आहे, मी ती ठेवणार आहे, आणि तुमचं काम माझ्यासारखं असेल तर तुम्हीही घ्या. पण पक्कड हातात आली की क्रिंपचा, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवण्याचा, प्रश्न मिटला, असं मी धरून चालले होते, ते खोटं ठरलं. दहा महिन्यांत हाताखालून पाचेक हजार टर्मिनलं गेली. चांगला क्रिंप होतो तो वायर, टर्मिनल आणि डाय (जबड्यातला, टर्मिनलाला आकार देणारा खाचांचा ठोकळा) या तिघांचं एकमेकांशी जमलं तरच. त्यातलं एक जरी चुकलं तरी पक्कड तेवढाच जोर लावून वाईट क्रिंप करून देते, आणि बाहेरून फरक कळत नाही.

माझं काम लहान कंट्रोल बॉक्सचं. एक बोर्ड, दोन-तीन मोटरी, काही सेन्सर आणि पॉवर सप्लाय. एका बॉक्समध्ये साठ-सत्तर टर्मिनलं होतात. त्यात सर्वांत जास्त २.५ मिमी पिचच्या (दोन पिनांमधलं अंतर) जेएसटी कंपनीच्या एक्सएच या कनेक्टर-घराण्यातल्या पिना, मग ६.३ मिमीची स्पेड टर्मिनलं आणि स्क्रू टर्मिनलात घालायच्या फेरूल, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबायच्या लहान नळ्या. पक्कड बदलत्या डायची आहे, म्हणजे जबड्यातले दोन स्क्रू सोडून डाय बदलता येते. याच घडणीची पक्कड वेगवेगळ्या नावांनी मिळते, त्यामुळे कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही.

पहिला धक्का तिसऱ्या आठवड्यात बसला. दिलेल्या बॉक्सपैकी एक परत आला. तक्रार अशी की लिमिट स्विच मधूनच लागल्यासारखा दिसतो आणि मोटर थांबते. टेबलावर सगळं ठीक. मल्टीमीटर लावला तर कंटिन्युइटी (जोड अखंड असल्याची बीप) बरोबर. वायर जरा वाकवली की बीप तुटायची. हाउसिंगमधून, म्हणजे पिनांच्या प्लॅस्टिकच्या घरातून, पिन काढून वायर नुसती चिमटीत धरून ओढली, तर ती अलगद निघून आली. पिनेच्या पाकळ्या छान वळलेल्या होत्या, रॅचेट (जबडा पूर्ण मिटेपर्यंत पक्कड उघडू न देणारा दात्यांचा अडसर) पूर्ण सुटला होता, पण आत तांब्याभोवती पोकळी होती. कारण साधं होतं. त्या स्विचची केबल २८ गेजची होती (गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी वायर बारीक) आणि मी २२ गेजच्या खाचेत ती दाबली होती. गेजचा आकडा सहाने वाढला की तांब्याचं क्षेत्रफळ साधारण चौथाई होतं: २२ गेज म्हणजे सुमारे ०.३३ चौरस मिमी आणि २८ गेज म्हणजे ०.०८. खाच तीच, तांबं चौथाई. मग पाकळ्या दाबणार तरी कशाला?

रॅचेटबद्दल सगळ्यांचाच गैरसमज असतो, म्हणून हे नीट सांगते. रॅचेट फक्त जबडा शेवटपर्यंत मिटला की नाही एवढंच बघतो. हात अर्ध्यावर सैल पडू नये, यासाठी तो आहे, आणि ते काम तो चोख करतो. जबड्यात काय आहे, किती आहे, याची त्याला खबर नसते. रिकामी पक्कड दाबली तरी तो तसाच सुटतो.

त्यानंतर मी दहापट भिंग घेतलं आणि प्रत्येक बॅचची पहिली पिन त्याखाली धरायला लागले. चांगली पिन कशी दिसते ते पुढून मागे सांगते. सगळ्यात पुढे संपर्काची डबी, ती जराही चेपलेली नको. तिच्यामागे छोटी मोकळी जागा, आणि त्या जागेत तांब्याच्या तारांची टोकं जेमतेम डोकावताना दिसली पाहिजेत. अजिबात दिसली नाहीत तर वायर आखूड बसली, आणि डबीपर्यंत पोचली तर समोरची पिन आत शिरताना अडणार. मग तांब्यावरच्या दोन पाकळ्या. त्या वरून आत वळून, मधोमध एकमेकींना टेकून तारांच्या गठ्ठ्यात रुतलेल्या असतात. या भागाच्या मागच्या कडेला घंटेच्या तोंडासारखा किंचित उघडा उतार हवा. तो नसेल तर पत्र्याची धारदार कड तारांवर बसते आणि हादऱ्यांनी एकेक तार तुटत जाते. त्याच्यामागे दुसरी मोकळी जागा, जिथे इन्सुलेशनची कड आणि उघडं तांबं दोन्ही दिसतात. आणि शेवटी इन्सुलेशनला कवटाळणाऱ्या पाकळ्या. त्यांनी धरायचं, भोसकायचं नाही.

माझ्या सुरुवातीच्या पिनांत सर्वांत जास्त चूक याच दुसऱ्या जागेत होती. वायर अर्धा मिलिमीटर कमी सोलली की इन्सुलेशन तांब्याच्या पाकळ्यांखाली जातं. बाहेरून पिन अगदी देखणी दिसते.

हे सगळं इतकं नाजूक का? कारण क्रिंप म्हणजे पत्रा वळवून वायर बांधणं नव्हे. दाब इतका असतो की तांबं अक्षरशः वाहतं. तारांवरचा ऑक्साइडचा थर फाटतो, टर्मिनलाच्या आतल्या आडव्या खाचांत तांबं घुसतं, आणि धातूला धातू इतका चिकटतो की मधे हवा शिरायला जागाच राहत नाही. चांगला क्रिंप आडवा कापून, घासून, पॉलिश करून पाहिला तर गोल तारा मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी झालेल्या दिसतात आणि मधल्या फटी नाहीशा होतात. दाब कमी पडला तर फटी राहतात, त्यातून हवा आणि ओल जाते, महिन्यांनी रेझिस्टन्स वाढतो. जास्त झाला तर तारा चिरडून बारीक होतात आणि ओढल्यावर मानेपाशी तुटतात. गंमत अशी की ओढीची ताकद आणि विजेचा संपर्क हे दोन्ही दाबलेल्या क्रिंपच्या एकाच उंचीला सर्वोत्तम नसतात. ताकदीचा कळस थोड्या कमी दाबाला येतो, संपर्क त्याहून जरा जास्त दाबाला सुधारतो. टर्मिनल बनवणारा या दोन्हींच्या मधली उंची ठरवतो आणि डेटाशीटमध्ये वायरच्या मापागणिक देतो. क्रिंप-हाइट म्हणतात ती हीच. लहान टर्मिनलांत तिची सवलत बहुधा ०.०५ मिमी इकडे-तिकडे एवढीच असते.

ती उंची व्हर्नियरने मोजू नका. दाबताना खालच्या दोन्ही कडांना बारीक बर (दाबून बाहेर आलेली धातूची कड) निघते आणि व्हर्नियरचा रुंद जबडा त्या बरीवर बसून जास्त आकडा दाखवतो. एका बाजूला टोक आणि दुसऱ्या बाजूला पातळ पातं असलेला मायक्रोमीटर लागतो. मी तो चौथ्या महिन्यात घेतला, आणि खरं तर पकडीबरोबरच घ्यायला हवा होता. त्यामुळेच कळलं की सहा महिन्यांनंतर माझी उंची ०.०४ मिमीने वर सरकली होती. पिव्होटला, म्हणजे जबड्याच्या सांध्याला, खेळ आला होता. पकडीच्या पोटात दात्यांचं लहान चाक असतं, ते एक दात फिरवल्यावर आकडा जागेवर आला. मोजलं नसतं तर मला पत्ताही लागला नसता.

दुसरी परीक्षा ओढून बघण्याची. आयईसी ६०३५२-२ या मानकात कमीत कमी ओढ दिलेली आहे: ०.५ स्क्वेअरला (म्हणजे ०.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरला) ६० न्यूटन, पाऊण स्क्वेअरला ८५, दीड स्क्वेअरला १५०, अडीचला २३०. लटकवायच्या काट्यावर बोलायचं तर अर्ध्या स्क्वेअरची वायर सहा किलोच्या वर टिकली पाहिजे, दीडची पंधरा किलोच्या वर. प्रत्येक बॅचच्या आधी मी तीन नमुने करते आणि त्यांच्या इन्सुलेशनच्या पाकळ्या मुद्दाम उघड्या ठेवते. नाहीतर इन्सुलेशनची पकड तांब्याच्या क्रिंपचं पाप झाकते. हळू ओढायचं, झटका द्यायचा नाही. आकडा बघतेच, पण त्याहून जास्त बघते ते सुटलं कुठून. वायर क्रिंपच्या बाहेर तुटली तर समाधान. अख्खी वायर सरकून आली तर दाब कमी. तारा क्रिंपच्या तोंडाशीच तुटल्या तर दाब जास्त, किंवा सोलताना ब्लेड लागलेलं.

स्पेड टर्मिनलांचा अनुभव वेगळा. ६.३ मिमी रुंद, ०.८ मिमी जाड टॅबवर बसणारी ही टर्मिनलं ‘फास्टॉन’ नावाने ओळखली जातात. ते नाव एएमपी कंपनीचं, जी १९४१ साली एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स म्हणून सुरू झाली आणि सोल्डरशिवायच्या टर्मिनलांवरच वाढली. यांच्यातून माझ्याकडे १० अँपिअर जातात, आणि तिथे मल्टीमीटरचा ओहम रेंज कुचकामी आहे. क्रिंपचा रेझिस्टन्स एक मिलिओहम असेल तर १० अँपिअरला ०.१ वॉट उष्णता, काही प्रश्न नाही. तोच २० मिलिओहम झाला तर २ वॉट, आणि एवढ्याशा पत्र्यात २ वॉट म्हणजे प्लॅस्टिकचं टोपण तपकिरी पडायला पुरेसं. मीटरला दोन्ही ठिकाणी शून्याच्या आसपासच दिसतं, कारण त्याच्या प्रोबच्या वायरी याहून जास्त रेझिस्टन्सच्या. मी बेंच सप्लायने ५ अँपिअर सोडते आणि क्रिंपच्या दोन बाजूंना मिलिव्होल्ट मोजते. ५ मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिओहम. दोन मिनिटांचं काम आहे.

सोल्डरबद्दल मला वाद घालायचाच आहे. ‘क्रिंप केलाय, वरून थोडं सोल्डर सोड, म्हणजे पक्कं’ हा सल्ला मला अनेकांनी मनापासून दिला. कृपा करून ऐकू नका. सोल्डर तारांमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे लवचीक वायर एकदम काडीसारखी ताठ होते. हादऱ्यांनी ती नेमकी त्या सीमेवर तुटते. आणि आधी सोल्डर लावलेलं टोक क्रिंपमध्ये किंवा स्क्रूखाली दाबणं याहून वाईट, कारण सोल्डर मऊ असतं, सततच्या दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि दाबच संपतो. पक्कड घेण्याआधीच्या माझ्या बॉक्समध्ये स्क्रू टर्मिनलात अशीच टोकं होती. नंतर उघडून पाहिलं तर जवळपास प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा सैल. सगळी टोकं कापून फेरूल बसवले, तेव्हापासून एकही सैल सापडला नाही. फेरूलची डाय या पकडीतली सर्वांत निर्धास्त डाय आहे.

आता पकडीतल्या उणिवा. डायवरचे आकडे इतके पुसट कोरलेत की मी प्रत्येक खाचेशेजारी रंगाचा ठिपका दिलाय. पिन धरून ठेवणारा लोकेटर नाही, त्यामुळे ती हाताने सरळ ठेवावी लागते आणि जराशी कलली तर क्रिंपनंतर केळ्यासारखी वाकते. अशी पिन सरळ करून वापरू नये, टाकून द्यावी. दोनशे पिनांनंतर अंगठ्याचं मूळ दुखतं. शिवाय तांब्याची आणि इन्सुलेशनची उंची एकाच डायमध्ये बांधलेली, वेगवेगळी बदलता येत नाही. जाड सिलिकॉन इन्सुलेशनची वायर म्हणूनच मी बंद केली.

हाच बदल माझ्या डिझाइनमध्येही उतरला. पूर्वी मी वायर आधी ठरवायचे आणि मग तिला बसेल ती पिन शोधायचे. आता उलट करते. एक्सएच घराण्यातल्या पिना ३० ते २२ गेज घेतात आणि २२ गेजला ३ अँपिअर नेतात, म्हणून सिग्नलला मी सगळीकडे २४ गेजची एकच वायर ठेवली. टर्मिनलांची घराणी सातवरून तीनवर आणली. बोर्डावरचं पिचही तपासलं: २.५ आणि २.५४ मिमी दोन पिनांत एकच वाटतात, पण दहा पिनांच्या रांगेत ०.३६ मिमीचा फरक पडतो आणि कनेक्टर जोर लावून बसवावा लागतो. टिनच्या पिनेला समोर टिनच, सोन्याला सोनंच, हा नियम मी आधी सौंदर्याचा समजत होते. हादऱ्यांत टिन बारीक घासत राहतं, त्याचा ऑक्साइड सोन्याच्या कठीण पृष्ठावर साचतो आणि संपर्क बिघडतो.

ज्याला एकाच प्रकारची पिन हजारोंनी करायची आहे, त्याने टर्मिनल बनवणाऱ्याचंच लोकेटरवालं हत्यार घ्यावं. माझ्यासारखं तीन घराणी, लहान बॅचेस असतील तर ही पक्कड, सोबत मायक्रोमीटर, भिंग आणि लटकवायचा काटा. टेबलासमोरच्या भिंतीवर मी एक पुठ्ठा लावलाय. त्यावर प्रत्येक बॅचच्या तीन नमुन्यांपैकी एक पिन, तिची उंची, ओढीचा आकडा आणि तारीख. दहा महिन्यांच्या पिना त्यावर ओळीने आहेत, आणि पहिल्या रांगेत ती लिमिट स्विचची पिनही आहे, वायर निघून आलेली.