भिंतीवर काय लावायचं: क्लोदची गुरं की कास्तिलिओनेचे सॅटर?

बरोक काळातलं (म्हणजे साधारण सतराव्या शतकातलं) एखादं एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा कोरून छापलेलं चित्र, घरात लावायचंय, त्यात रान पण हवं आणि ग्रीक पुराणातली मंडळी पण, असं असेल तर क्लोद लोरेन की जोव्हान्नी बेनेदेत्तो कास्तिलिओने, या दोन चित्रकारांपैकी कोण, इथेच गाडी अडते. ओरिजिनल विकत घेण्याबद्दल बोलत नाहीये हां, न्यूयॉर्कचं मेट म्युझियम किंवा ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम मोठे स्कॅन फुकट देतात, ते प्रिंट करून फ्रेम करायचं, एवढंच. मी दोघांचेही काढून बघितलेत.

क्लोदबद्दल वाईट बोलायची माझी हिंमत नाही. 1636 चं ‘गुराखी’ घ्या, पाण्यातून गुरं चाललीयेत, झाडांमागून उजेड येतोय आणि मधली हवा अक्षरशः दिसते. प्लेट टप्प्याटप्प्याने ॲसिड खाते, म्हणजे जवळचं गडद नि लांबचं फिकट, ही कमाल त्याच्यासारखी फार कमी जणांना जमली. पण ती प्लेट आहे जेमतेम 13 बाय 20 सेंटिमीटर! मूळ मापात लावलं तर सोफ्यावरून काहीच कळत नाही, आणि A3 ला वाढवलं की ते धुकं धुकं राहत नाही, सुट्या सुट्या रेघा होतात, कारण ते होतंच मुळी बारीक रेघांचं, डोळा लांबून मिसळायचा म्हणून धुकं वाटायचं. माझं मन इथेच उडालं, खरं सांगायचं तर. बाकी तक्रार किरकोळ आहे, म्हणजे 1634 च्या ‘युरोपा’ या एचिंगमध्ये झ्यूस देव युरोपा नावाच्या राजकन्येसाठी बैल होऊन आलाय, पण बाजूला बाकीची गुरं, मागे जहाजं, झाडं, त्यात देव कुठला हे पाहुण्यांना बोट दाखवून सांगावं लागतं.

कास्तिलिओनेकडे हा प्रश्नच नाही. मोठ्या कलशाशेजारी रेललेला पॅन बघा (ग्रीकांचा रानदेव, सॅटरही असेच, अर्धे माणूस अर्धे बकरी), बकरीचे पाय, वेली, पडकी दगडं, सगळं एकमेकांत गुंतलेलं, रान कुठे संपतं आणि तो कुठे सुरू होतो ते पटकन कळत नाही. रेघ अशी की कुणी बसल्याबसल्या गिरगोटलंय, रेम्ब्रांची एचिंग त्याने नीट बघितली होती ते दिसतंच. आणि गिरगोटलेली रेघ वाढवली तरी गिरगोटलेलीच राहते ना, बिघडायला आहे काय! शिवाय त्याच्या काही प्लेट मुळातच मोठ्या, 1648 चं ‘कास्तिलिओनेची प्रतिभा’ साधारण 37 बाय 25 सेंटिमीटर आहे, पण त्यात सॅटर नाहीत, ते रूपकवालं आहे.

तोटा आहेच. झाडीतला काळोख साध्या लेझर प्रिंटवर एकच डाग होतो, आणि दुकानदार आपणहून कॉन्ट्रास्ट वाढवतात तेव्हा तर बघायलाच नको. त्याचे मोनोटाइप (हा प्रकार बहुधा त्यानेच शोधला, काळी शाई फासून ती पुसत पुसत चित्र काढायचं) स्क्रीनवर जबरदस्त दिसतात, माझ्या प्रिंटमध्ये मात्र चिखल झाला, ते टाळा. आणि घरात सॅटर नको म्हणणारे असतील तर ‘सर्सी’ आहे, ग्रीक कथेतली जादूगारीण, तिच्यामुळे ओडिसियसचे साथीदार जनावरं झालेत, पण बघणाऱ्याला नुसती प्राण्यांची गर्दी वाटते, कुणी काही विचारत नाही.

टेबलाजवळ, हातभर अंतरावर लावणार असाल तर क्लोद घ्या, मूळ मापातच, रुंद माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) करून. लांबून बघायच्या भिंतीला, माझ्या मते तरी, पॅनच बरा. कागद मॅट घ्या, काच साधी असली तर खिडकीसमोर नको.