जेलीफिन: सर्व्हर माझ्याकडे, टीव्ही मावशीकडे

घरातल्या जुन्या कॅसेटी डिजिटल करायचं काम आमच्यात माझ्या गळ्यात पडलं, कारण कॅमेऱ्याची वायर कुठल्या खणात आहे हे फक्त मलाच माहीत होतं. मिनीडीव्हीची एक तासाची टेप संगणकावर उतरवली की साधारण १३ जीबीची फाइल होते. एवढं धूड व्हॉट्सअ‍ॅपवर जात नाही, आणि दाबून-चेपून पाठवलं तर मागच्या रांगेतली माणसं ओळखू येत नाहीत. पेनड्राइव्ह पहिल्या घरून दुसऱ्या घरी जातो, तिसऱ्या घरी कधीच पोचत नाही. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवलं तर लिंक कुठे कुठे फिरेल ते आपल्या हातात नाही. शेवटी घरच्याच एका छोट्या संगणकावर जेलीफिन हे मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर (आपल्याकडचे व्हिडिओ नेटवरून इतरांच्या टीव्ही-फोनवर दाखवणारं) बसवलं आणि मावशी, आत्या, मामा-मामी, सगळी भावंडं अशी सेना त्यावर आणली. आपल्याच घरातल्या टीव्हीवर बघणाऱ्यांना या रिव्ह्यूचा फार उपयोग नाही. मी बघितलं ते एवढंच, की घराबाहेरच्या आणि संगणकाशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांपर्यंत चित्र कसं पोचतं.

एम्बी नावाच्या मीडिया सर्व्हरने २०१८ मध्ये आपला सोर्स कोड बंद केला, तेव्हा काही जणांनी जुना खुला कोड घेऊन डिसेंबर २०१८ मध्ये वेगळी चूल मांडली. ते हे जेलीफिन. पैसे भरून मिळणारी वेगळी आवृत्ती नाही, ग्राफिक्स चिपकडून ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ लागेल त्या प्रकारात बदलणं) करून घ्यायलासुद्धा काही मोजावं लागत नाही, आणि मध्ये कुठली कंपनीही नाही. खाती तुमच्याच सर्व्हरवर, पासवर्डही तिथेच. मला हेच हवं होतं. पण मध्ये कोणी नाही म्हणजे मदतीलाही कोणी नाही, हे आधीच लक्षात घ्या.

प्लेक्स या एका कंपनीच्या अशाच मीडिया सर्व्हरशी तुलना इथेच करून टाकते, नाहीतर कोणीतरी विचारणारच. प्लेक्समध्ये नातेवाइकांना कुठला पत्ता टाइप करावा लागत नाही. प्लेक्सच्या खात्यात शिरलं की तुमचा सर्व्हर समोर येतो. थेट रस्ता मिळाला नाही तर प्लेक्सच्या रिलेमार्गे, म्हणजे त्यांच्याच मधल्या सर्व्हरवरून, चित्र जातं, मात्र फुकट खात्याला १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) आणि प्लेक्स पास हे पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व असेल तर २ एमबीपीएस इतकंच. त्यात जुन्या टेपचं चित्र एकवेळ चालून जाईल. दुसरी गोष्ट, २९ एप्रिल २०२५ पासून आपले स्वतःचे व्हिडिओ घराबाहेरून बघायलाही पैसे मोजावे लागतात. सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्स पास असेल तर बाकीच्यांची सुटका होते, नाहीतर बघणाऱ्याने स्वतःचं सदस्यत्व घ्यायचं. ज्याच्या हाताशी वेळ नाही त्याने हा खर्च खुशाल करावा. माझ्याकडे वेळ होता.

जेलीफिनला रिले नाही, त्यामुळे घराबाहेर पडायची वाट तुम्हीच काढायची. ती वाट बहुतेक ठिकाणी सीजीनॅट अडवतं: इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते, आणि मग राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) कितीही उघडा, बाहेरून येणारा माणूस कंपनीच्या दारातूनच परत जातो. ओळखायची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. २०१२ मध्ये हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला. अशा वेळी टेलस्केल हे व्हीपीएन (आपल्या उपकरणांपुरतं खासगी नेटवर्क) हा सगळ्यात कमी कटकटीचा उपाय. फोन, लॅपटॉप आणि अँड्रॉइड टीव्हीवर त्याचं अ‍ॅप चालतं आणि बाहेरच्या जगाला तुमचा सर्व्हर दिसतही नाही. भावंडांना मी तेच दिलं. आत्याच्या टीव्हीवर मात्र ते बसत नाही, आणि बसलं असतं तरी "हे व्हीपीएन म्हणजे काय गं, बँकेचं काही आहे का?" या प्रश्नाला फोनवर उत्तर देणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मोठ्यांसाठी म्हणून बाहेर एक छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी संगणक) भाड्याने घेतला, त्याच्यापासून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाकला आणि व्हीपीएसवर कॅडी नावाचं वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर प्रॉक्सी म्हणून (येणाऱ्याला घरच्या सर्व्हरपर्यंत पोचवणारा मध्यस्थ) बसवलं. कॅडी लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं, सुरक्षित जोडणीसाठी लागणारं ९० दिवसांचं प्रमाणपत्र स्वतःच आणतं, स्वतःच नवं करतं. त्यांना आता फक्त एक साधं वेबनाव लक्षात ठेवायचं असतं. व्हीपीएस घेताना महिन्याच्या डेटाची मर्यादा नीट वाचा, कारण प्रत्येक व्हिडिओ त्यात एकदा येतो आणि एकदा जातो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, सहज नजरेतून सुटते. मध्ये प्रॉक्सी असेल तर जेलीफिनच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'नोन प्रॉक्सीज'च्या रकान्यात तिचा पत्ता भरावा लागतो. नाही भरला तर येणारा प्रत्येक जण प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. तो पत्ता खासगी पट्ट्यातला असला की जेलीफिनला सगळे घरातलेच वाटतात, आणि बाहेरच्यांसाठी घातलेली बिटरेटची (सेकंदाला किती डेटा जायचा त्याची) मर्यादा कोणालाच लागू होत नाही.

आता मुख्य विषय. नातेवाइकांना दिसणारं 'गोल गोल फिरतंय' हे बहुतेक वेळा सर्व्हरचं दुखणं नसतं, फाइलचं असतं. समोरच्या टीव्हीला फाइल आहे तशी कळली तर ती तशीच जाते. याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि यात सर्व्हरला जवळजवळ काहीच काम नसतं. व्हिडिओ कळतो पण डब्याचा (एमपी४सारख्या फाइलच्या वेष्टनाचा) प्रकार कळत नाही, अशा वेळी फक्त डबा बदलला जातो. हेही स्वस्तातलं काम. व्हिडिओच कळला नाही तर सगळं चित्र जागच्या जागी नव्याने बनवत पाठवावं लागतं. ते ट्रान्सकोडिंग, आणि पंखा ओरडायला लागतो तो त्यापायी.

घरच्या व्हिडिओंचा घोळ असा, की त्यांतले जवळपास सगळेच ब्राउझरला न कळणारे असतात. मिनीडीव्हीचा डीव्ही कोडेक (चित्र साठवायची पद्धत) कळत नाही, जुन्या डीव्हीडीवरचा एमपेग-२ कळत नाही. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसी या कोडेकमध्ये रेकॉर्ड करू शकतो आणि आयफोन १२ पासून वर डॉल्बी व्हिजनचा एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेलं चित्र); टोन मॅपिंग न करता, म्हणजे तो पल्ला झेपेल इतका न आखडता, तो साध्या टीव्हीवर टाकला की सगळे आजारी असल्यासारखे फिक्कट दिसतात. जेलीफिन हे सगळं पाठवता पाठवताच बदलू शकतं, इंटेलची क्विक सिंक (व्हिडिओ बदलायची चिपमधलीच सोय) असलेली साधी चिपही त्याला पुरते, आणि डॅशबोर्डवर कोण काय बघतंय, ट्रान्सकोडिंग का चाललंय हे कारणासकट दिसतं. ते कारण दाखवणं ही जेलीफिनची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कोण कधी काय बघतं तेही त्यात कळतं, म्हणून मी ते पान उगाच उघडत नाही.

तरीही माझा सल्ला आहे की सर्व्हरच्या या ताकदीवर विसंबू नका. मूळ फाइल जपून बाजूला ठेवा आणि बघण्यासाठी एक वेगळी प्रत एकदाच बनवा: व्हिडिओचा कोडेक एच.२६४, ८ बिट, आवाज एएसी, डबा एमपी४. टेपचं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे फ्रेममधल्या एकाआड एक रेषा वेगवेगळ्या क्षणांच्या असतात आणि पळणाऱ्या मुलांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. ते डीइंटरलेस करताना सेकंदाला २५ नको, ५० फ्रेम ठेवा. हालचालीतला मऊपणा टिकतो. सबटायटल द्यायचेच तर एसआरटी या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये द्या. चित्ररूपातले सबटायटल टीव्हीला कळले नाहीत की जेलीफिन ते व्हिडिओवर छापत बसतं, आणि पुन्हा ट्रान्सकोडिंग आलं. एवढं केलं की मामा टीव्ही लावतात आणि सर्व्हरला जागही येत नाही.

अपलोडचा हिशोब कागदावर करून बघा. जाहिरातीत डाउनलोडचा आकडा मोठा छापलेला असतो. तुमच्या कामाचा आहे तो अपलोडचा. ८ एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला ३.६ जीबी खातो, आणि तीन घरांनी एकाच संध्याकाळी लावला तर २४ एमबीपीएस सलग बाहेर गेले पाहिजेत. टेपच्या प्रती मी ४ एमबीपीएसवर ठेवल्या. त्या चित्रात त्याहून जास्त काही नव्हतंच.

टीव्हीवर पासवर्ड टाइप करणं हा वेगळाच छळ असतो. त्यावर क्विक कनेक्ट हा उतारा चांगला आहे: टीव्ही सहा आकडे दाखवतो आणि दुसरीकडे त्याच खात्यात शिरलेल्या माणसाने ते टाकले की टीव्ही आत येतो. मी माझ्या ब्राउझरमध्ये मावशीच्या खात्यात शिरते, फोनवर म्हणते, "मावशी, आकडे वाच," ती चष्मा शोधते, वाचते, झालं. सर्व्हरचं नाव मात्र पहिल्यांदा रिमोटनेच टाकावं लागतं, म्हणून वेबनाव लहान घ्या. अँड्रॉइड टीव्ही, रोकू, वेबओएस अशा बऱ्याच टीव्हींसाठी अधिकृत अ‍ॅपं आहेत, पण त्यांचा दर्जा एकसारखा नाही आणि मांडणीही जागोजागी वेगळी. आत्याच्या टीव्हीवरचं बटण मला माझ्या टीव्हीवर दिसत नाही, आणि फोनवरून मदत करताना नेमकं तेच आडवं येतं. प्लेक्स इथे सरळ पुढे आहे.

लायब्ररी बनवताना प्रकार 'होम व्हिडिओज' निवडा. 'मूव्हीज' निवडला तर जेलीफिन फाइलच्या नावावरून इंटरनेटवर चित्रपट शोधतं, आणि 'सुट्टी २००४'ला कुठल्या तरी परक्या सिनेमाचं पोस्टर आणि नटनट्यांची यादी मिळते. आमच्याकडची मंडळी हौशी आहेत, पण इतकीही नाहीत. फाइलचं नाव वर्ष आणि महिन्याने सुरू केलं की क्रम आपोआप लागतो. सिंकप्लेमध्ये सगळ्यांना एकाच वेळी एकच व्हिडिओ बघता येतो. भावंडांनी तो फोनवर बोलत बोलत वापरला आणि मजा आली. मोठ्यांच्या बाबतीत मी त्याच्या वाट्याला गेलेच नाही.

अपडेटचा कंटाळा करू नका. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत चोरी झाली तेव्हा चोरांनी एका कर्मचाऱ्याच्या घरच्या संगणकावरच्या जुन्या प्लेक्समधून वाट काढली होती, आणि ते भोक प्लेक्सने मे २०२० मध्येच बुजवलं होतं. जेलीफिन थेट इंटरनेटवर ठेवलं असेल तर हीच गोष्ट तुम्हालाही लागू आहे. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं ठेवा, रोजच्या बघण्यासाठी दुसरं. मोठ्या अपडेटआधी बॅकअप घ्या, १०.११ आवृत्तीत डेटाबेसची मांडणी मुळापासून बदलली आहे, आणि मोठी लायब्ररी असेल तर त्या बदलाला चांगलाच वेळ लागतो.

राहता राहिल्या मामी. त्यांचं नेट मध्येच बसतं. फोनच्या अ‍ॅपवरून डाउनलोडची सोय आहे, पण तिथे मूळ फाइलच उतरते, छोटी करून मिळत नाही. सिनेमांच्या लायब्ररीत एकाच चित्रपटाच्या लहान-मोठ्या प्रती एका नावाखाली ठेवता येतात, होम व्हिडिओमध्ये ते जमत नाही. त्यामुळे सगळ्या व्हिडिओंच्या ४८० रेषांच्या, १ एमबीपीएसच्या प्रती बनवून मी त्यांची वेगळी लायब्ररी केली आणि मामींच्या खात्याला तेवढीच दाखवली. मामी दुपारी फोनवर उतरवून घेतात आणि रात्री बघतात. मोठी प्रत असते हे मामांनी त्यांना अजून सांगितलेलं नाही.