फेरेट विकत घेण्यापूर्वी पुढची चाके तपासा

इंग्लंडमध्ये लष्कराने निकालात काढलेली चिलखती गाडी विकत घेऊन ती चालू स्थितीत ठेवणे हा चांगला रुळलेला छंद आहे, आणि त्यात नव्याने येणारे अनेक जण फेरेट या टेहळणी गाडीपासून सुरुवात करतात. डेमलर कंपनीने १९५२ ते १९७१ या काळात अशा ४,४०० हून अधिक गाड्या बनवल्या. तिला रणगाड्यासारखे पट्टे नसून चार चाके आहेत, त्यामुळे ती रस्त्यावर नेता येते आणि मोठ्या गॅरेजमध्ये मावतेही. नगरच्या रणगाडा संग्रहालयाने शाळकरी वयात लावलेली ओढ मला नोकरीनिमित्त इथे आल्यावर फेरेटपर्यंत घेऊन आली. माझी फसवणूक ज्या युक्तीने झाली, ती गाडीच्या रचनेचाच आधार घेऊन केलेली होती. म्हणून आधी ती रचना सांगतो.

फेरेटचे इंजिन मागे असते. त्याची शक्ती ट्रान्सफर बॉक्स या वाटप करणाऱ्या पेटीतल्या एकाच डिफरेन्शियलमधून (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचातून) डाव्या आणि उजव्या बाजूंना वाटली जाते, आणि प्रत्येक बाजूला एक शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, पुढच्या व एक मागच्या चाकाजवळच्या बेव्हल बॉक्सकडे (शक्ती काटकोनात वळवून चाकाला देणाऱ्या गिअरपेटीकडे) जातो. म्हणजे एकाच बाजूची पुढची आणि मागची चाके परस्परांशी जखडलेली असतात. चिखलात याचा फायदाच होतो. परंतु डांबरी रस्त्यावरच्या वळणावर या दोन चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते, टायर सहज घसरत नाहीत आणि तो सगळा फरक ताण होऊन गिअरच्या दात्यांवर साठत जातो. तो मोकळा करण्यासाठी गाडी अधूनमधून कच्च्या जमिनीवर उतरवतात किंवा एखादे चाक पदपथाच्या कडेवरून नेतात. काही मालक तर पुढचे दोन्ही शाफ्ट काढून ठेवतात आणि गाडी केवळ मागच्या चाकांवर चालवतात.

विक्रेत्याने नेमका याच प्रथेचा आडोसा घेतला. पुढचे शाफ्ट टायर वाचावेत म्हणून काढले आहेत आणि चारही बेव्हल बॉक्स नुकतेच उघडून दुरुस्त केले आहेत, असे त्याने लेखी कळवले, आणि दुरुस्तीच्या बिलाचे छायाचित्रही पाठवले. गाडी त्याने ओल्या कुरणात चालवून दाखवली. इंजिन सुरेख चालत होते, पाचही गिअर नीट पडत होते, आणि शाफ्टच नसल्यामुळे पुढच्या बॉक्सवर भार येत नव्हता, त्यामुळे पुढून कसलाही आवाज आला नाही. रस्त्यावर नेण्याचा विषय काढताच विम्याचे कारण पुढे आले. वाहतुकीचा ट्रक त्याने त्याच दुपारसाठी ठरवून ठेवला होता. ही घाई अपघाताने नव्हती: रिकामी फेरेटसुद्धा सुमारे ३.७ टन भरते, मोटारीमागे ट्रेलरवर ३.५ टनांहून अधिक वजन ओढता येत नाही, त्यामुळे एकदा दारात आलेली गाडी परत पाठवायची तर पुन्हा ट्रकचाच खर्च येतो.

शाफ्ट बसवायला घेतले तेव्हा पुढच्या दोन्ही बॉक्समधले दाते तुटलेले निघाले. बाहेरून मात्र नवा रंग आणि नवे गॅस्केट होते, म्हणजे कोणीतरी ते उघडून, पाहून पुन्हा बंद केले होते. बिल करणाऱ्या कारागिराकडे चौकशी केली असता ते बिल खरे, पण दुसऱ्याच फेरेटचे असल्याचे कळले. मला आलेल्या छायाचित्रात हल क्रमांकाची, म्हणजे गाडीच्या चिलखती सांगाड्याच्या ओळख क्रमांकाची, ओळ कापलेली होती. ही गाडी १९६७ पर्यंत एडनमध्ये होती, या कथेसाठीही किमतीत भर घातली गेली होती. बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमकडे ब्रिटिश चिलखती वाहनांच्या जुन्या नोंदपत्रिका आहेत, आणि माझ्या गाडीच्या पत्रिकेत एडनचा उल्लेखही नव्हता. इतिहास सांगून जादा पैसे मागितले जात असतील, तर ही पत्रिका विक्रेत्यानेच दाखवावी, असा आग्रह धरावा.

बॉक्सची परीक्षा खरे तर अवघड नाही. शाफ्ट काढलेले असल्यास ते आपल्या देखत बसवून घ्यावेत आणि मग पुढचे एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. त्याच बाजूचे मागचे चाक जमिनीवर टेकलेले असेल, तर वर उचललेले चाक दात्यांमधल्या थोड्या ढिलेपणापलीकडे फिरता कामा नये. ते गरगर फिरले, तर दोन चाकांना जोडणारी यंत्रणा कुठेतरी तुटलेली आहे. बॉक्समधले तेल काढून त्यात धातूचे कण आहेत का तेही पाहावे. विक्रेता शाफ्ट हरवल्याचे सांगत असेल, तर पुढचे दोन्ही बॉक्स निकामी आहेत असे धरूनच किंमत बोलावी. नोंदणीपत्रावर भिस्त ठेवू नये, कारण ते मालकीचा पुरावा नसल्याचे त्यावरच छापलेले असते.

पावतीवर ‘आहे त्या स्थितीत विक्री’ असे लिहिले होते आणि विक्रेता त्यावरच अडून बसला. परंतु खासगी विक्रीतही खोटे विधान करून सौदा केला, तर १९६७ च्या मिसरिप्रेझेंटेशन अ‍ॅक्टखाली भरपाई मागता येते, आणि इंग्लंडमध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्सच्या, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांसाठीच्या, सोप्या न्यायालयीन प्रक्रियेत चालतो. दुरुस्ती केल्याचा त्याचा लेखी संदेश आणि कारागिराचे पत्र माझ्याकडे नसते, तर सगळे तोंडी बोलण्यावरच गेले असते. सुनावणीपूर्वी त्याने तडजोड करून दुरुस्तीचा बराचसा खर्च दिला. एडनच्या कथेचे पैसे मात्र परत आले नाहीत, कारण ती त्याने केवळ तोंडी सांगितली होती. त्याच्या जाहिराती अजूनही येतात, आणि पुढचे शाफ्ट टायर वाचवण्यासाठी काढल्याचे वाक्य त्यांत शब्दशः तेच असते.