एसआय: फी नाही, नोट्स नाहीत, तरीही जा

एसआय म्हणजे सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन, अमेरिकेतल्या कॉलेजांत अवघड कोर्सांना मिळणारी फुकट मदत. माझ्याकडून पाचापैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

मी लातूरची. बारावी तिथेच झाली, मग ग्रीन कार्डाचं काम झालं आणि आम्ही सगळे न्यू जर्सीत आलो. इथल्या एका सरकारी विद्यापीठात बायोलॉजी घेतलं, प्री-मेड म्हणून. (प्री-मेड ही डिग्री नव्हे. चार वर्षं विषय कुठलाही घ्या, सोबत बायो, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे ठरलेले कोर्स करा, एमकॅट ही प्रवेश परीक्षा द्या आणि मग मेडिकलला अर्ज करा.) पहिल्या वर्षाअखेर माझा जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी, होता 2.6. जनरल केमिस्ट्रीत सी, कॅल्क्युलसमध्ये सी, बायोत बी-मायनस. लातूरला आजीला फोनवर 'चारपैकी दोन पॉइंट सहा' सांगितलं, तर तिला वाटलं हा एखाद्या धड्याचा नंबर आहे.

इथलं गणित नीटसारखं नाही, हे आधी समजून घ्या. नीटला एक वर्ष ड्रॉप घेतला, पुन्हा बसलं, की जुना स्कोअर कुणी उकरून काढत नाही. इथे एमडी (इथली एमबीबीएससारखी डॉक्टरकीची डिग्री) कॉलेजांचे बहुतेक अर्ज एएमकॅस या व्यवस्थेतून जातात, आणि तिथे कोर्स रिपीट केला तर दोन्ही ग्रेड मोजतात. डीओ (ऑस्टिओपॅथिक, तीही डॉक्टरकीचीच डिग्री) कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीच्या जागी बसायची, ती सोयही 2017 मध्ये गेली. म्हणजे माझा सी आता जन्माचा सोबती. 30 क्रेडिटला (क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं एकक) 2.6 असेल आणि उरलेल्या 90 क्रेडिटला 3.8 पाडले, तरी शेवटी हातात 3.5. 2023 मध्ये एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी 3.77 होती. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की एएमकॅस जीपीए वर्षवार मांडतं आणि बायो-केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथ्सचा वेगळा काढतं, त्यामुळे गाडी रुळावर आली असेल तर वाचणाऱ्याला ते दिसतं. पण आधी ती यायला हवी.

एका सल्लागार बाईंनी (कुठल्या ते राहू दे) फार गोड आवाजात विचारलं, 'पब्लिक हेल्थचा विचार केलाय का?' खासगी ट्यूटरचा तासाचा दर ऐकून बाबा काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसत बसले. राहिलं ते एसआय.

1973 मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत हे सुरू झालं, आता खूप कॉलेजांत आहे. कल्पना अशी, की ढ पोरं वेगळी काढायची नाहीत, अवघड कोर्स वेगळे काढायचे. ज्या कोर्सात दरवर्षी बरीच जण गळतात, त्याला एक एसआय लीडर जोडायचा. हा लीडर विद्यार्थीच असतो, तोच कोर्स आधी चांगल्या ग्रेडने पास झालेला. तो पुन्हा आमच्यासोबत लेक्चरला बसतो, वही काढून नोट्स घेतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा सेशन घेतो. त्याला विद्यापीठ पगार देतं, आपल्याला दमडी पडत नाही. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, 'फुकट आहे ना? मग काय शिकवत असतील!'

मामांचं अगदीच चूक नाही. तो शिकवतच नाही.

लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या माणसाला हा पहिला धक्का. आमच्याकडे सर फळ्यावर ट्रिक लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, रविवारी टेस्ट, सोमवारी दारावर मार्कांची यादी. इथे तुम्ही प्रश्न विचारलात की लीडर तोच प्रश्न शेजारच्याला विचारतो. पहिल्या सेशनला मला वाटलं, याला उत्तर येत नसावं.

ऑरगॅनिकचं एक सेशन सांगते. फळ्यावर टर्ट-ब्युटिल ब्रोमाइड आणि सोडियम सायनाइड. काय होईल? मी तोंड उघडून मोकळी झाले: एसएन-टू, न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉन देऊन कार्बनला चिकटणारा) मागून येतो, ब्रोमाइड जातो. सायनाइड चांगला न्यूक्लिओफाइल, हे मला झोपेतही पाठ. लीडरने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. प्लास्टिकच्या गोळ्या-काड्यांचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, 'बनव, आणि मागून येऊन दाखव.' बनवलं. मधल्या कार्बनला तीन मिथाइल, प्रत्येकावर तीन-तीन हायड्रोजन. सायनाइडची जोडी हातात धरून मी मागून घुसवायचा प्रयत्न करतेय आणि ती पांढऱ्या गोळ्यांना अडकतेय. समोरचा ब्राझिलियन मुलगा हसायला लागला, मग मीही. 'मग सायनाइड दुसरं काय करू शकतो?' तिने विचारलं. तो बेसही आहे, हायड्रोजन ओढून नेईल, डबल बाँड होईल, हे आम्ही तिघांनी भांडत भांडत काढलं. 'टर्शरीवर एसएन-टू होत नाही' (टर्शरी म्हणजे असाच, तीन कार्बन लागलेला कार्बन) हे वाक्य माझ्या वहीत आधीपासून होतं, अधोरेखित केलेलं.

माझं दुखणं तिथेच होतं. पाठांतराला मी कधीच कमी नव्हते. इथल्या पेपरात पाठ केलेलं जसंच्या तसं येतच नाही, त्याला एक वळण दिलेलं असतं, आणि ते वळण एसआयमध्ये दर सेशनला घ्यावं लागतं, तेही चारचौघांत, मोडक्या इंग्रजीत. लाज महिनाभरात जाते.

आता कापलेला स्टार. सगळा खेळ लीडरवर आहे. ऑरगॅनिकची आमची लीडर सोन्यासारखी, पण फिजिक्सचा लीडर स्वतःच फळ्याकडे तोंड करून गणितं सोडवायचा आणि आम्ही फोटो काढायचो. त्यापेक्षा यूट्यूब बरं. दुसरं, वेळा. सेशन संध्याकाळी, आणि मी संध्याकाळी किराणा दुकानात काउंटरवर. शिफ्ट बदलून मिळाली म्हणून निभावलं, सगळ्यांना मिळत नाही. आणि ज्यांना कामामुळे जमत नाही, त्यांनाच बहुधा याची जास्त गरज असते. मिडटर्मच्या आदल्या दिवशी तर खोलीत उभं राहायला जागा नसते. वर्षभर न फिरकलेली पोरं 'उद्या काय येणार?' विचारायला येतात. लीडरला पेपर माहीत नसतो, हे कुणी ऐकून घेत नाही. शिवाय वरच्या कोर्सांना एसआय नाहीच, आमच्याकडे बायोकेमिस्ट्रीला मिळालं नाही.

ग्रेड म्हणाल तर ऑरगॅनिक वनला बी-प्लस, टूला ए, आणि दुसऱ्या वर्षाचा जीपीए 3.7. सगळं श्रेय एसआयला देणार नाही. सेमिस्टरला 17 क्रेडिटवरून मी 14 वर आले, आणि प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना (शंका विचारायच्या ठरलेल्या वेळांना) जायला लागले. तेही फुकटच असतात आणि बहुतेक वेळा ओस पडलेले असतात. पण प्रोफेसरांसमोर नेमकं काय विचारायचं, हे मला एसआयमधूनच कळायला लागलं.

तुमचं कुणी इकडे शिकत असेल तर त्याला कोर्स नोंदवतानाच बघायला सांगा, की कुठल्या सेक्शनला (तुकडीला) एसआय आहे. आमच्याकडे एकाच कोर्सच्या एका सेक्शनला होतं, दुसऱ्याला नव्हतं. पहिल्या आठवड्यातच जायचं, तेव्हा पाच-सहा जणच असतात आणि लीडरला नावं पाठ होतात. लेक्चर न ऐकता जाऊ नये, नुसते इतरांचे चेहरे बघत बसावं लागतं. लीडर गणितं स्वतःच सोडवत असेल तर दोन सेशननंतर खुशाल दुसऱ्याच्या सेशनला जाऊन बसा. आमच्याकडे तरी कुणी हटकत नाही.