झिओलाइट ‘रिजनरेट’ करून देण्याच्या नावाखाली आमचे ९८,२५२ रुपये गेले

पश्चिम विदर्भातल्या एका खेड्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी शेण आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून गॅस तयार करते व तो शुद्ध करून जवळच्या डाळ मिलला विकते. हिशेब माझ्याकडे असल्यामुळे गेलेल्या रकमेचा जाब सभासदांनी मलाच विचारला. असे छोटे प्रकल्प चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे, कारण आम्हाला फसवणारा माणूस अजून मोकळा आहे.

गॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी आमच्याकडे झिओलाइट १३एक्स या वायू शोषणाऱ्या सच्छिद्र पदार्थाच्या दाण्यांनी भरलेल्या दोन टाक्या आहेत. दाब असताना दाणे तो वायू धरून ठेवतात आणि दाब उतरवून व्हॅक्यूम लावला की सोडून देतात. पाणी मात्र ते इतक्या सहजासहजी सोडत नाहीत. ऐन श्रावणात गॅस वाळवणारा ड्रायर बिघडला, ओल दाण्यांत शिरली आणि गॅसमधला मिथेन, म्हणजे जळणारा भाग, ९२ टक्क्यांवरून ७८ वर आला. आयएस १६०८७ या बायोगॅसच्या भारतीय मानकाप्रमाणे तो किमान ९० टक्के हवा आणि मिलशी झालेल्या करारातही तीच अट असल्यामुळे मिलने गॅस घेणे थांबवले. नव्या ८४० किलो मालाचे दरपत्रक १,९३,२०० रुपयांचे होते. ओले झालेले दाणे कोरड्या गरम हवेत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवले की पुन्हा कामाला येतात, म्हणजेच ‘रिजनरेट’ होतात, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि फसवणूक उभी राहिली ती याच खऱ्या गोष्टीवर.

बुटीबोरीला आपली भट्टी असल्याचे सांगणाऱ्या त्या माणसाने किलोला ८५ रुपये दर दिला. ७१,४०० रुपये आणि त्यावर १२,८५२ रुपये जीएसटी, असे ८४,२५२ झाले. त्यातले ४२,१२६ आगाऊ, तेवढेच माल परत आल्यावर, आणि जाण्यायेण्याच्या गाडीभाड्याचे १४,००० वेगळे. तो तापमान अचूक सांगत होता, तापवताना घाई केली तर दाणे फुटतात हेही त्यानेच आम्हाला समजावले. पैसे त्याच्या बचत खात्यावर मागितले तेव्हा चालू खाते बदलण्याचे काम सुरू असल्याचे कारण त्याने दिले. आगाऊ रक्कम कोणाच्याही बचत खात्यावर टाकू नका, कारण कितीही पटणारे असो. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर फुकट तपासता येतो. आमच्या बिलावरचा क्रमांक एका कापड दुकानाचा निघाला.

आता ज्या क्षणाची आठवण झाली की अजूनही झोप उडते, तो सांगतो. माल पाठवताना जिनिंगच्या काट्यावर ८४० किलो भरला होता. परत आला तेव्हा त्याच काट्यावर ८३६ किलो भरला. पावती हातात घेऊन मी सोबतच्या संचालकांना म्हणालो, “माणूस प्रामाणिक आहे, चार किलोचाच फरक आहे.” वास्तविक पूर्ण ओले झालेले हे दाणे स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके पाणी सहज धरतात. ते खरोखर भाजले गेले असते, तर वजन शंभर किलोहून अधिक घटायला हवे होते. वजन भरले, म्हणजेच पाणी आतच होते. पण आयुष्यभर कापूस आणि तूर मोजून देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाला वजनात घट आली तरच चोरीचा संशय येतो. घट न येणे हीच चोरी असेल, हे आमच्यापैकी कोणाला सुचणार होते? माल साध्या विणलेल्या पोत्यांत, वर ताडपत्री टाकून आला, हेही खटकायला हवे होते असे आता लोक सांगतात. भाजलेले दाणे हवेतली ओल लगेच ओढतात, म्हणून ते हवाबंद पिंपातच यायला हवेत. त्या वेळी हे सांगणारा एकही जण तिथे नव्हता.

उरलेली रक्कम दिली, टाक्या भरल्या, आणि मिथेन ७७ टक्के आला.

दुसऱ्या एका प्रकल्पातून मूठभर नवे दाणे आणून आम्ही ते स्टीलच्या पेल्यात टाकले आणि वर पाणी ओतले. सूं असा आवाज आला, बुडबुडे निघाले आणि पेला हातात धरवेना इतका तापला. आमच्या पोत्यातले दाणे दुसऱ्या पेल्यात टाकले. पेला थंडच राहिला. ही परीक्षा पैसे देण्याआधी, त्या माणसाच्या समोर, प्रत्येक पोत्यातले दाणे घेऊन करा. त्याला खर्च शून्य आहे. त्याने दाखवलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालावर मालाचा बॅच क्रमांकच नव्हता. असा अहवाल कोणत्याही मालाला लावता येतो, म्हणून तो स्वीकारू नका.

यानंतर जे घडले त्याचा संताप रकमेपेक्षा मोठा आहे. ठाण्यात सांगण्यात आले की माल परत मिळाला आहे, तेव्हा हा दिवाणी वाद आहे. पुन्हा गेलो तर गुन्हा बुटीबोरीकडे घडला, तिकडे जा. तिकडच्या ठाण्याने सांगितले की पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडेच नोंदवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे आम्ही छापील प्रत दाखवून सांगितले. ती प्रत परत मिळाली, नोंद झाली नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तर समोरासमोर झालेला व्यवहार सायबर गुन्हा होत नाही असे उत्तर मिळाले. वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या सेवेला २०१९ चा ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. उद्योग खात्याच्या एका कार्यालयाने तर आमच्या अर्जावर ‘खताबाबत’ असा शेरा मारून तो कृषी विभागाकडे पाठवला. आम्ही अनुदानाची भीक मागत नव्हतो, एका भामट्याचे नाव, खाते क्रमांक आणि काट्याच्या पावत्या पुराव्यासह हातात देत होतो, आणि तरीही ते कागद उघडून वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही.

हाच माणूस गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू काढणाऱ्या लोहऑक्साइडच्या गोळ्याही ‘नव्यासारख्या’ करून देतो असे सांगत होता. तो माल मुळीच देऊ नका. त्या गोळ्या हवा लागली की पुन्हा काही प्रमाणात काम करतात, पण त्या वेळी उष्णता निघते, बेफिकिरीने उघड्यावर टाकल्या तर पेट घेतात, आणि दर वेळी आत साचणाऱ्या गंधकामुळे त्यांची छिद्रे बुजत जातात.

वकिलांनी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज तयार केला आहे. पोती आम्ही पंचांच्या सह्या घेऊन शिवून ठेवली आहेत. बॅच क्रमांक नसलेला असाच अहवाल कोणाला मिळाला असेल, तर त्यांनी त्याची मूळ प्रत आणि काट्याच्या दोन्ही पावत्या जपून ठेवाव्यात आणि आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. पोच दिली नाही, तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी.