कॅनन ५० एमएम १.८ लेन्स : ससे, मांजरीची पिल्लं आणि मामांची गायब झालेली ज्वारी

आधीच सांगते, मी काय फोटोग्राफर बिटोग्राफर नाही. औसा तालुक्यात आमचं शेत, शेतातच घर, घरात मामा-आत्या म्हणजे सासू-सासरे, नवरा, चौथीतली पोरगी, दोन ससे, एक मांजर अन् तिची तीन पिल्लं. कॅमेरा कॅननचा १५००डी, पोरगी बालवाडीत असताना घेतला अन् नंतर दोन वर्षं कपाटात साड्यांच्या खाली पडून होता, कारण सोबत आलेल्या १८-५५ लेन्सनं संध्याकाळी ओसरीत फोटो काढला की सगळं हललेलं यायचं, ससा म्हणजे पांढरा ढग अन् मांजर म्हणजे काळा डाग. शेवटी दिवाळीच्या आधी सोयाबीनचे पैसे आले तवा ही ५० एमएम एसटीएम (म्हणजे कमी आवाजाची फोकस मोटर असलेलं नवं मॉडेल) घेतली, वापरलेली, साडेपाच हजाराला. तीन-चार महिने रोज वापरली म्हणून आता लिहायला बसले.

वापरलेली घेणाऱ्यांनी पहिले हे वाचा. ज्या दुकानातून घेतली (नाव लिहीत नाही, भांडण मिटलंय) त्यानं मला पहिल्यांदा जुनं मॉडेल हातात दिलं अन् वर म्हणे ताई दोन्ही एकच आहे. एकच नाहीये. जुनी आहे ती १९९० पासूनची, मागं कॅमेऱ्याला बसणारी रिंग प्लास्टिकची, ४५ सेंटीमीटरच्या आत फोकस होत नाही. एसटीएम २०१५ ची, मागची रिंग धातूची, ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं, अन् आवाज पण कमी, जुनी फोकस करताना करकर करते ते ऐकून ससा खोपड्यात पळतो. दुकानात चष्मा लावून नाव वाचत बसू नका, फिल्टरचा आकडा (पुढच्या तोंडाचं माप, मिलिमीटरमध्ये) बघा: जुनीला ५२, एसटीएमला ४९. मला घरी आल्यावर कळलं, परत लातूरला चक्कर, एसटीचं तिकीट वेगळं अन् नवऱ्याची बोलणी वेगळी.

आता लेन्स. वजन १६० ग्रॅम, म्हणजे गळ्यात कॅमेरा असला तरी भाकरी थापता येतात (थापल्यात, पीठ लागलं, तो विषय वेगळा). जुन्या किट लेन्सला, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ ला, झूम ५५ वर नेला की एफ ५.६ च्या पुढं (एफ म्हणजे लेन्सचं भोक किती उघडतं तो आकडा, आकडा लहान तेवढं भोक मोठं) उघडत नाही, ही १.८ ला उघडते, म्हणजे हिशोब केला तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट म्हणजे काय ते सांगते. आमची ओसरी पत्र्याची, पश्चिमेकडून उघडी, दिवस मावळतीला जो उजेड येतो तो अर्धा तास, अन् नेमके ससे तेव्हाच जागे होतात. ससा हा पहाटेचा अन् संध्याकाळचा जीव आहे, दुपारी कितीही गाजर दाखवा, तो पाय लांब करून पडलेला. आधी ह्या अर्ध्या तासात शटर सेकंदाच्या पंधराव्या हिश्शावर यायचं, आता दीडशेव्या हिश्शावर काढते अन् मुरमुऱ्याच्या मिशा मोजता येतात. मुरमुरा म्हणजे पांढरा ससा, दुसरा गूळ. नावं पोरीनं ठेवलेली.

पण उघडी लेन्स म्हणजे फुकटची जत्रा नाही. पहिल्या आठवड्यात मी सगळे फोटो १.८ वरच काढले, कारण मागचं धूसर होतं अन् मोबाईलवर बघितलं की लई भारी वाटतं. मग कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं तर मुरमुऱ्याचं नाक एकदम टकटकीत अन् डोळे धुक्यात. दोन फुटावरून काढला तर १.८ ला जेमतेम एक सेंटीमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो, त्याच्या पुढं-मागं सगळं विरघळतं, अन् सशाचं नाक ते डोळा अंतर त्याच्या चौपट तरी आहे. आता मी तीन-साडेतीन फुटावर पालथी पडते, एफ ४ ठेवते, आख्खं तोंड येतं. अन् फोकसचा मधला एकच पॉइंट वापरते, ह्या बॉडीत नऊ आहेत पण बाकीचे आठ कडब्याच्या काडीवर जाऊन बसतात. जनावराचा डोळा ओळखून आपोआप फोकस करणारे नवे कॅमेरे आहेत, हा त्यातला नाही, डोळा तुम्हीच पकडायचा.

अजून एक, ससा समोरून कॅमेऱ्याकडं आला की त्याला लेन्स दिसत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, मागून येणारी घार त्याला दिसते पण नाकासमोर दिसत नाही, म्हणून तो वासानं चाचपत येतो अन् काचेला नाक लावतो. गुळानं दोनदा काच चाटलीय. हूड, म्हणजे काचेपुढं बसणारी कड, वेगळं विकत घ्यावं लागतं, कंपनी डब्यात देत नाही, घ्याच.

रंगाचं सांगते कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पांढरा ससा फ्रेम भरून घेतला की कॅमेरा त्याला मळका राखाडी करतो, म्हणून कॅमेऱ्यातल्या प्लस-मायनसच्या पट्टीवर उजेड एक घर वाढवायचा. पण तोच ससा काळ्या रानात लांब बसलेला असला तर उलटं, कॅमेरा काळी माती उजळवायला जातो अन् ससा जळून नुसता पांढरा ठिपका राहतो, तिथं कमी करायचं. आपली जमीन इतकी काळी आहे की हा घोळ रोजचाच. अन् मुरमुऱ्याचे डोळे लालच आहेत, तो अल्बिनो आहे, डोळ्यात रंगच नाही म्हणून आतलं रक्त दिसतं, फ्लॅशची चूक नाही. शेजारच्या पोरानं मोबाईलवर एडिट करून काळे करून पाठवले होते, उंदरासारखा दिसत होता.

आता मामांचं. येळवस होती. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली, लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी आख्खं गाव रानात जातं, बाजार सुद्धा ओस. कडब्याची कोप म्हणजे खोपी केलेली, आत चुना लावलेले पांडव म्हणजे पाच दगड, आंबिलाची बिंदगी म्हणजे घागर, भज्जी, उंडे, खीर, सगळं घेऊन निघालो अन् पोरीनं हट्ट करून गुळाला पण पाटीत घालून आणलं. कोपीच्या तोंडाशी त्याला बसवला, मागं ज्वारी, डोक्याच्या वर गेलेली, कणसं नुकती भरायला लागलेली. मी हौसेनं १.८ वर दहा-बारा काढले. एक तर असा आला की गुळाच्या कानातून ऊन आरपार, आतल्या शिरा दिसतायत गुलाबी, तपकिरी केसाला कडेनं सोनेरी रेघ. मी खुश. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मामांना दाखवला. मामांनी डोळे बारीक करून बघितलं अन् म्हणाले,

"ज्वारी कुठाय?"

म्हणलं मामा ती मागं धूसर केलीय, त्यानं ससा उठून दिसतो.

"धूसर केली म्हंजे? एवढी चांगली आलती यंदा, अन् तू पुसून टाकली व्हय? ससा काय बाजारात बी दिसतो."

जेवताना सगळे हसले पण मला ते लागलं. घरी येऊन तीन महिन्यांचे फोटो चाळले तर खरंच, कुठल्याच फोटोत रान नाही. ओसरी नाही, कडब्याची गंज नाही, आत्यांची पिवळ्या काठाची साडी मागून जातेय तिचा नुसता पिवळा डाग. हे सगळे फोटो पुण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीत काढलेत म्हणलं तरी खपतील. लेन्सचा दोष नाही, माझा आहे, पण सगळीकडं हिचं कौतुक करताना धूसर मागच्याचंच करतात म्हणून मुद्दाम लिहितेय. ही लेन्स एफ ८ वर पण चांगली आहे, उलट काठापर्यंत स्पष्टपणा वाढतोच. पुढच्या रविवारी गुळाला परत नेला, दहा फूट मागं सरकले, ८ वर काढला, ससा लहान आला पण मागं ज्वारीचं ताट अन् ताट ओळखू येतं. तो बारा बाय अठरा करून आणला, बैठकीत लावलाय. कानाच्या शिरावाला अजून मला जास्त आवडतो, तो माझ्या मोबाईलवर आहे.

मांजरीची पिल्लं ही ह्या लेन्सची खरी परीक्षा. १५००डी वर ही ५० ची लेन्स ८० सारखी वागते, आतला फोटो टिपणारा सेन्सर लहान असल्यामुळं, म्हणजे घरात मागं सरकायला जागा पाहिजे. कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्याआड व्यालेली मांजर, मी भिंतीला पाठ लावून बसले तरी तीन पिल्लं अन् आई एका फ्रेममध्ये बसेनात. तिथं जुनी १८-५५ लावावी लागली, तिच्यात उजेड कमी येतो म्हणून मी मूर्खपणा करून फ्लॅश मारला. दुसऱ्या दिवशी पिल्लं गायब. मांजरीनं एकेक मानगुटीला धरून माळ्यावर नेलेली. आत्या म्हणाल्या, "मांजर सात घरं दाखवतीच पिल्लांना, पण तुझ्यामुळं पहिलंच घर लवकर सुटलं." पुढं आठ दिवस मी कॅमेरा घेऊन तिकडं फिरकले नाही. पिल्लांचे डोळे निळे असतात ते पहिले काही आठवडेच, नंतर रंग बदलतो, ते आठ दिवस माझे गेलेच. दोन महिन्यांची झाल्यावर मात्र मजा, अंगणात खेळतात, शटर पाचशेव्या हिश्शाच्या खाली ठेवू नका, फोकस दहातून चार वेळा चुकतो हे मनाशी धरून भरपूर काढा. एसटीएम मोटर झोपलेल्या पिल्लाला पुरते, उड्या मारणाऱ्याच्या मागं पळताना दमते. तिरंगी पिल्लू मादीच निघणार हे आत्या आधीच सांगून बसल्या होत्या अन् तसंच असतं म्हणे जवळजवळ नेहमी.

फुलांना ही लेन्स कमी पडते, सरळ सांगते. सूर्यफूल, झेंडू, जास्वंद छान. पण ३५ सेंटीमीटर हे अंतर काचेपासून नाही, कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून मोजतात, म्हणजे काचेपासून वीतभराहून थोडं जास्त, अन् तिथून फ्रेममध्ये साधारण साडेदहा सेंटीमीटर रुंदीची जागा येते. जवसाचं निळं फूल दोन-सव्वादोन सेंटीमीटर. म्हणजे फोटोत पाचवा हिस्सा फूल अन् बाकी हिरवं. ते पण सकाळीच, दुपारी गेलात तर पाकळ्या गळून मातीत. करडई आता फुलात आहे, ती थोडी मोठी म्हणून बरी येते, फक्त काटे गुडघ्याला. तूर, हरभरा, मूग असल्या बारक्या फुलांसाठी एक्स्टेंशन ट्यूब नावाची पोकळ नळी मिळते, लेन्स अन् कॅमेऱ्याच्या मधे बसते, काच नसते तिच्यात. घेताना आत धातूच्या टाचण्या असलेली घ्या नाहीतर फोकस अन् एफ आकडा दोन्ही कॅमेऱ्यातून चालत नाहीत.

फुलांवरून आठवलं, सशापुढं फुलं ठेवून फोटो काढायची हौस असते, कण्हेर चुकून पण ठेवू नका. बांधावर असते, रंग झकास, पण विषारी, शेळी सुद्धा तोंड लावत नाही अन् सशाला तेवढी अक्कल नाही. अन् ज्वारी काढताना रानात सशाची पिल्लं सापडतात ती फोटोसाठी घरी आणू नका. ती जंगली, आपल्या पाळीव सशाची जातच वेगळी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पकडायला बंदी, अन् ती टाकून दिलेली नसतात, आई दिवसातून एखाद्या वेळेला पाजायला येते तोवर गप पडून राहतात.

बाकी किरकोळ. धुळीला ही लेन्स बंद नाही, कुठं रबर सील नाही, सोयाबीनची रास चालू असताना बाहेर काढली अन् रिंगमध्ये भुसा गेला, अजून फिरवताना किंचित खरखर येते. जवळचा फोकस केला की पुढची नळी बाहेर येते, बॅगेत टाकायच्या आधी लांबच्या झाडावर फोकस करून आत घ्या, कॅमेरा बंद असताना रिंग फिरवून काहीच होत नाही. हात हलला तर सावरणारी यंत्रणा हिच्यात नाही, शंभराव्या हिश्शाच्या खाली मी जात नाही. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा ४२ च्या वर, तेव्हा ससे ओल्या पोत्याखाली असतात, फोटो बंद.

घ्यावी का? घरात जनावरं, लेकरं असतील अन् मागं सरकायला ओसरी-अंगण असेल तर घ्या, ह्या पैशात दुसरं काही नाही. किट लेन्स विकू नका. नुसत्या फुलांसाठी घेत असाल तर थांबा. मी ट्यूब मागवलीय, ती येईस्तोवर जवस काढणीला आलेला असेल, मग करडईवरच बघते, मामांनी तेवढं मळणीच्या आत उरका म्हणून सांगितलंय.